उंदराच्या नावाचा पंचनामा

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. आमच्या घरच्या कॉम्प्युटरची वायर रोज दुपारी मीच उपटत होते, संध्याकाळी मीच परत खोचत होते, आणि एक दिवस त्याचा पडदा काळाठिक्कर पडला तेव्हा सगळ्या घरासमोर बोट मात्र मी वहिनीकडे दाखवलं. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्या प्रकरणाचा पंचनामा अजून आहे. घडीवर फाटलाय, पण अक्षर स्वच्छ. कसूर कोणाचा, या रकान्यात उंदराचं नाव आहे. तो उंदीर मी. वय वर्षे वीस, दोन वेण्या, आणि अख्ख्या बाजारहत्नूरमध्ये आपल्याइतकं डोकं कोणाला नाही ही पक्की खात्री.

बाबा तहसीलमध्ये कारकून होते. ते रिटायर झाले तरी दफ्तर काही त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. चुलीवर दूध उतू गेलं तर ते पंख्याखालून विचारत, ‘त्या वक्ती हाजिर कोन होतं?’ संपलेल्या पेनाची रिफिल ते कधी फेकत नसत. नोकरीत असताना जुनी दाखवल्याशिवाय नवी मिळत नसे, त्या सवयीने रिकाम्या रिफिलींची रबर लावलेली जुडी त्यांच्या पेटीत कायम असायची. आई त्यावरून हसायची, पण तिचंही एक होतंच. बाहेरच्या खोलीत तिची शिलाई मशीन होती. सकाळी भाकरी-भाजी उरकली की तिची खडखड सुरू व्हायची ती ऊन पायरीवर येईपर्यंत. तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास, जवसाची चटणी कुटल्याचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास असे तिन्ही वास एकमेकांत मिसळलेले असत. आजही मशीनच्या तेलाचा वास आला की मला भूक लागते. काम संपलं की आई चाकावरचा चामड्याचा पट्टा काढायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवून द्यायची. कोणी पोरांनी येऊन पायडल मारलं, सुई मोडली, असं व्हायला नको म्हणून. ‘पट्टा काढला की मशीन म्हंजे नुसता टेबल,’ ती म्हणायची. हे वाक्य मी फार चांगलं लक्षात ठेवलं. नको तितकं चांगलं.

कॉम्प्युटर आला तो या मशीनच्या शेजारीच बसला. आईने त्याला परकराच्या उरलेल्या कापडाची झालर लावून झाकण शिवलं, त्यामुळे झाकलेला असताना तो घूंघट घेतलेल्या नवरीसारखा दिसायचा. खाली एक पांढरा डबा, वर हंड्याएवढा जड मॉनिटर, बाजूला टकटक करणारा स्टॅबिलायझर आणि गिरणीसारखा ओरडणारा प्रिंटर. मी आदिलाबादला जाऊन तीन आठवडे मराठी टायपिंग शिकून आले होते. तीन आठवडे! पण मी गावात चालायची ती अशी, की जणू तो डबा मीच बनवला. आणि मग मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी सहामाही परीक्षेचे पेपर टाइप करायला माझ्याकडे दिले. देताना त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं होतं, ‘पोरी, हे कोनाच्या नजरेस पडाले नको. घरच्याइच्याबी नाई.’ त्या ‘घरच्याइच्याबी’ने माझं डोकं फिरलं. घरात आई-बाबा होते, आणि वहिनी होती. आई-बाबांवर संशय कोण घेणार?

वहिनी यवतमाळकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दादा बेज्जूरकडच्या शाळेत शिक्षक होता, तिकडे अजून घर मिळालं नव्हतं, त्यामुळे तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि वहिनी आमच्याकडे राहायची. कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच, असा माझा तेव्हा सिद्धांत होता. (जास्त बोलणाऱ्यांच्या मनात काय असतं, ते मी विचारात घेतलं नव्हतं, कारण घरात जास्त बोलणारी मीच होते.) आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती आदिलाबादहून एकटी परत येताना चुकीच्या बसमध्ये बसली. आमचं गाव तेव्हा आंध्रात, बसची पाटी तेलुगूत, हिला एक अक्षर येत नाही, विचारायची लाज वाटली, आणि बाई उतरल्या थेट इंद्रवेल्लीला. बाबा जाऊन घेऊन आले. रडून तिचे डोळे सुजले होते. मी त्या दिवसापासून तिला ‘इंद्रवेल्ली एक्स्प्रेस’ म्हणायला लागले. ती हसायची. मला वाटायचं, तिलाही मजा येते.

तर या वहिनीने शेजारच्या दोन मुलींची गणिताची ट्युशन सुरू केली होती. मुली त्याच मराठी शाळेतल्या, आठवीतल्या. दुपारी त्या यायच्या आणि वहिनी खोलीचं दार लोटून घ्यायची. मला पहिली शंका आली ती त्या दाराची. गणित शिकवायला दार कशाला लोटावं लागतं? एके दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि दाराला कान लावला. आतून कुजबुज येत होती. वहिनी हळूच काहीतरी विचारायची, मुली हळूच काहीतरी सांगायच्या, मग खुसुखुसू हसायच्या. मग वहिनी म्हणाली, ‘हळू बोला, बाई आयकतीन.’ बाई म्हणजे मी, तिची नणंद. झालं! माझ्या अंगावर काटाच आला. मी आठवीचं गणित त्याच सकाळी टाइप केलं होतं. दोन आणि दोन चार. शिक्षक विचारतो आणि मुली उत्तर देतात, यात काही वावगं असतं असं मला त्या दिवशी का वाटलं, हे मला आज विचारू नका.

मग मी सापळा लावला. दुपारी उठताना कीबोर्डवर, बरोबर मधल्या बटणावर, चिमूटभर रांगोळी ठेवली. कोणी हात लावला तर कळेल. संध्याकाळी येऊन पाहते तो रांगोळी सगळ्या बटणांवर पसरलेली! मी मनातल्या मनात ‘सापडली’ म्हणून टाळी दिली. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, त्याच्या वाऱ्याने माझ्याच कपाळावरचे केस उडत होते, पण वर मान करून पाहावं एवढी अक्कल नव्हती. परवा हे प्रकरण मी वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न होता, ‘रांगोळीचं लिवलं का?’ तीस वर्षं होत आली, पण बाई रांगोळी सोडत नाही.

चोर कळला, आता बंदोबस्त हवा. तेव्हा मला आईचा पट्टा आठवला. कॉम्प्युटरचाही पट्टा काढून ठेवला की तो म्हणजे नुसता टेबल! बिजलीच्या वायरीला हात लावायची मला आईची सक्त मनाई होती, करंट बसेल म्हणून. म्हणून मी मॉनिटरमधून निघून खालच्या डब्याला मागून जोडलेली जाड वायर निवडली. तिच्या टोकाला चपटं तोंड, त्यात टाचणीच्या टोकासारख्या बारीक पिनांच्या तीन रांगा, आणि तोंडाच्या दोन बाजूंना पिळून घट्ट करायचे दोन स्क्रू. मी ते तोंड दुपारी ओढून काढायची, वायरीची गुंडाळी करून तिला माझ्या वेणीचं लाल रबर लावायची आणि टेबलामागे खिळ्याला टांगायची. संध्याकाळी परत खोचायची. अंधारात, हात मागे घालून, न बघता. स्क्रू तर मी कधी पिळलेच नाहीत, रोज काढायचंच आहे तर कशाला! नाही गेलं आत तर थोडं दाबायचं, अजून नाही गेलं तर आणखी दाबायचं. असं आठ दिवस चाललं. काढलेली वायर एकाही दिवशी कोणी जोडून पाहिल्याचं दिसलं नाही. त्यावरून माझा बंदोबस्त चोख आहे असाच अर्थ मी काढला.

नवव्या दिवशी चार वाजता हेडमास्तर पेपर न्यायला येणार होते. मी सकाळी नाश्त्याला आईच्या हातचं चुरमुऱ्यांचं सुशीला खाऊन, हात पुसून, आदल्या संध्याकाळी खोचलेल्या वायरीच्या भरवशावर ऐटीत बटण दाबलं. डबा घुरघुरला, आतला पंखा सुरू झाला, आणि पडदा काळा. थांबले. काळाच. मॉनिटरखालचा दिवा रोज हिरवा असायचा, तो आज केशरी. मी मॉनिटरला वरून एक चापट मारली. मग बाजूने मारली. झाकण घालून परत काढलं. शेवटी, हे लिहिताना मला अजून लाज वाटते, उदबत्ती ओवाळली. काळाच! त्या काचेत माझंच तोंड दिसत होतं आणि तेही काही उजळ दिसत नव्हतं. आत पेपर होते. चार वाजता हेडमास्तर. वायर मी काढत होते, हे मला माहीत होतं हो. पण पट्टा काढून ठेवल्याने मशीन कधी बिघडते का? आईची तर बिघडली नव्हती. मग बिघडवलं कोणी?

‘बाबा,’ मी ओरडले, ‘कॉम्प्युटर कोनीतरी बिघडवला!’

बाबा लुंगी सावरत आले. मशीनची खडखड थांबली. ‘कोनीतरी म्हंजे कोन?’ बाबा म्हणाले. ‘पंचनाम्यात कोनीतरी चालत नाई. नाव सांग.’

‘वहिनी.’

वहिनी तेव्हा दारात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. तिचा हात तसाच थांबला.

‘मी काऊन बिघडवीन?’ ती म्हणाली.

‘पेपर पाहाले! त्या दोन पोट्ट्याइले सांगाले! दार लावून काय कुजबुज करता रोज? म्या आयकलं हाय. अन् कीबोर्डवर रांगोळी ठेवली होती म्या, ती पसरवली कोनं?’

‘कीबोर्डवर रांगोळी?’ आई म्हणाली. ‘तरीच त्या दिवशी तुह्या बापानं ईचारलं, इथं रांगोळी कोनं सांडली...’

‘मधी बोलू नको,’ बाबा म्हणाले आणि पेटीतून कोरा कागद आणि पेन घेऊन पाटावर बसले. खरंच बसले. वर लिहिलं, पंचनामा. खाली लिहिलं, ‘सदर मशीन चालू असून तोंड काळे आहे.’ मला वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘बराबर?’ मग त्यांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज बदलला होता. ‘सूनबाई, हे पेपर माह्या भरवशावर या घरात आले. हेडमास्तर चार वाजता येतीन. तुमी जर आत डोकावलं असन, तं आताच सांगा. मले त्याइले खरं सांगावं लागन. मंग ट्युशनबी बंद, अन् गावात तोंड दाखवाची सोयबी राहनार नाई.’

मी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ती रडेल, इंद्रवेल्लीसारखी. ती रडली नाही. तिने भाजीची टोपली बाजूला सरकवली, पदराला हात पुसले.

‘मामाजी, म्या हात नाई लावला. पन माह्या सांगन्यावर जाऊ नका. लिवायच्या आधी मले एक डाव मशीन पाहू द्या. मंग काय लिवाचं ते लिवा.’

‘तिले हात लावू देऊ नका!’ मी म्हणाले. ‘पुरावा मिटवन!’

बाबांनी मला हाताने गप्प केलं. वहिनी टेबलाजवळ आली आणि पहिल्यांदा वाकून मॉनिटरचा दिवा पाहिला. ‘केशरी,’ ती म्हणाली. ‘म्हंजे मॉनिटरले करंट भेटून राह्यला.’

‘पाहा, हिले सगळं माहीत हाय!’ मी म्हणाले.

तिने डबा बंद केला, परत चालू केला आणि कान खाली नेला. आतून एकदाच ‘टूक’ आवाज आला. ‘एकच वाजला. म्हंजे डबा ठीक हाय.’ मग कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. वरचा छोटा हिरवा दिवा लागला. परत दाबलं, विझला. ‘आत काम चालू हाय, मामाजी. पेपर कुठं गेले नाईत. चित्र तेवढं डब्यातून मॉनिटरपर्यंत येऊन नाई राह्यलं.’

तिला जितकं जास्त कळत होतं तितका माझा संशय वाढत होता. तीन आठवडे शिकून मला जे आलं नाही ते हिला कसं? ‘तुमी कुठं शिकले हे?’ मी विचारलं.

‘सहा महिन्याचा कोर्स केला हाय म्या. लग्नाच्या कागदावर लिवला होता.’

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. तो कागद आमच्याकडे सगळ्यांनी वाचला होता, पण मामेकुळाच्या पुढे कोणी गेलं नव्हतं.

वहिनीने डबा बंद केला, टेबल थोडं ओढलं आणि मागे हात घातला. आणि थांबली. मी तिच्या बाजूलाच उभी होते, त्यामुळे मला दिसलं. टेबलामागच्या खिळ्यावर माझं लाल रबर लटकत होतं. त्यात माझे दोन केसही होते. तिने रबर पाहिलं, मग माझ्या वेण्या पाहिल्या. एका वेणीला लाल रबर होतं, दुसरीला दोरा. तिने रबर उचलून बांगड्यांच्या मागे मनगटात सरकवलं आणि वायरीचं तोंड अलगद सोडवून उजेडात धरलं. मधल्या जागी दोन पिना आडव्या झोपल्या होत्या, वाऱ्याने पडलेल्या भातपिकासारख्या.

‘हे पाहा. दोन पिना वाकल्या. त्या आत जाऊन नाई राह्यल्या, म्हनून पडदा काळा.’

‘कश्यानं वाकल्या?’ बाबांनी पेन उचललं.

‘आधी सरळ करू, मंग सांगते. मामाजी, तुमची रिकामी रिफिल देता का एक?’

बाबांच्या आयुष्यात रिकामी रिफिल कोणी मागितली असेल तर ती या सुनेने. त्यांनी जुडीतून निवडून एक दिली, आणि मला अजून आठवतं, त्यांनी ती उजेडात धरून आधी खरंच रिकामी आहे ना पाहिलं. वहिनीने दाताने तिचं पितळी टोक उपटलं, राहिलेली पोकळ नळी वाकलेल्या पिनेवर हळूच चढवली आणि इतकी सावकाश उभी केली, की आई तिकडे श्वास धरून बसली. एक झाली. दुसरी करताना पिन मोडेल की काय असं वाटलं. मोडली असती तर पेपर आत अडकले असते आणि वहिनीचं नाव पंचनाम्यात कायमचं. आणि सांगते, त्या क्षणी मला पिन मोडावी असं वाटलं की मोडू नये असं वाटलं, हे मला आज तीस वर्षांनीही नक्की सांगता येत नाही. नाही मोडली. तिने तोंड बघून, सरळ धरून आत बसवलं. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी पिळले. मग बटण.

टूक. दिवा केशरी, केशरी, आणि हिरवा. पडदा उजळला.

आईने नकळत हात जोडले. बाबांनी चष्मा परत चढवला. मी तिथून सटकायच्या बेतात होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘थांब. पंचनामा अर्धा हाय. वायर कोनं हलवली? तू हात लावला होता का, खरं सांग.’

‘नाई,’ मी म्हणाले. इतक्या पटकन, की प्रश्न संपायच्या आत.

बाबा वहिनीकडे वळले. ‘सूनबाई, तुमाले काय वाटते?’

मी जमिनीकडे बघत होते. वहिनीच्या बांगड्या वाजल्या. रबर मनगटावरून आणखी वर सरकवलं असावं.

‘उंदीर असन, मामाजी,’ ती म्हणाली. ‘मोठा असन. रोज येत असन.’

बाबांनी लिहिलं. ‘कसूर: उंदीर (मोठा).’ खाली सही केली, आईचा अंगठा घेतला, आईला सही येत असूनसुद्धा. त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून पिंजरा आणला आणि त्यात भाकरीचा तुकडा लावून तो टेबलाखाली ठेवला. महिनाभर मी रोज त्या पिंजऱ्याशेजारी बसून टाइप करत होते. एक दिवस पाय लागून तो माझ्याच अंगठ्यावर फटकन मिटला, ते बाबांना कळू दिलं नाही. आता लेकीच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला की मी आधी मागे हात घालून बघते. ती म्हणते, आई, याला मागे वायरच नसते. मी म्हणते, असू दे, बघायला काय जातं.

हेडमास्तर चार वाजता आले. प्रिंटरने कर्रकर्र करत आठवीचं गणित बाहेर काढलं, बाबांनी ते उलटं धरून दुमडलं आणि हेडमास्तरांच्या हातात दिलं. चहा प्यायला, गेले. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा वहिनी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. अंबाडीची भाजी शिजत होती, आंबट वास सुटला होता. मी काहीतरी बोलावं म्हणून दाराशी घुटमळले. सॉरी म्हणायची तेव्हा आमच्या घरात रीत नव्हती, आणि दुसरा शब्द मला सापडेना. तिने पाहिलं, पिठाच्या हाताने मनगटातलं लाल रबर काढलं, माझ्या हातात ठेवलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘बाई, त्या पोट्ट्या माह्यापाशी गनित शिकतेत अन् मी त्याइच्यापाशी तेलुगू शिकते. बसची पाटी वाचता आली पायजे नं मले. दाराले कान लावून अर्धंच आयकू येते. उद्यापासून आतमधी येऊन बसत जा.’